माया, फांसा आणि प्रामाण्य

समोर भिंत दिसते. ती खरी आहे कीं कोणा जादूगारानें उभी केलेली माया आहे, अशी शंका घेण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो? प्रश्न वेदान्ताच्या वर्गांतला वाटेल. पण हल्लीं त्यावर एका खेळाच्या नियमांवरून मोठ्या हिरीरीनें वाद होतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध केला. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात; एकजण सूत्रधार होऊन काल्पनिक जगाचें वर्णन करतो, बाकीचे त्यांतील एकेक पात्र होऊन आपण काय करतों तें सांगतात, आणि यशापयश अनिश्चित असेल तेथें वीस पैलूंचा फांसा निर्णय देतो. आमच्या पिढीच्या गृहस्थांस हा पोरखेळ वाटतो. त्यांतील मायेसंबंधींचे नियम वाचतांना मात्र मीमांसक व नैयायिक यांचा जुना तंटा नव्या वेषांत पुढें आल्यासारखें मला वाटलें.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींतला नियम असा कीं, मायिक वस्तु नुसती दृष्टीस पडल्यानें ती ओळखण्याची संधि मिळत नाहीं; ती बारकाईनें न्याहाळली पाहिजे किंवा तिच्याशीं कांहीं व्यवहार केला पाहिजे. हें बंधन नसेल तर चतुर खेळाडू प्रत्येक राक्षसापुढें 'माझा यावर विश्वास नाहीं' असें म्हणत सुटेल. ज्ञान हें बाधक पुढें येईपर्यंत स्वतःच प्रमाण असतें, असें मीमांसक म्हणतात; तेंच येथें गृहीत आहे. उदयनाचार्यांनींही शंकेला व्याघाताची सीमा घालून दिलीच आहे. परंतु ज्ञानाचें खरेंखोटेंपण प्रवृत्तीच्या यशापयशावरून ठरतें, हें नैयायिकांचें मतही नियमाच्या उत्तरार्धांत आहे. भिंतीला हात लावावा आणि तो आरपार जावा, कीं वाद मिटला. मग फांशाचीही गरज नाहीं.

पण 'व्यवहार' म्हणजे काय? याचें उत्तम उदाहरण सभापर्वांत आहे. मयसभेंत दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून वस्त्रें वर धरतो, पुढें पाण्याला भूमि समजून आंत पडतो. ('आंधळ्याचा पुत्र आंधळा' हा द्रौपदीच्या तोंडचा प्रसिद्ध टोमणा भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीच्या मूळ पाठांत नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.) वस्त्रें सांवरणें हा व्यवहार खरा, पण त्यानें भ्रमाची परीक्षा होत नाहीं, भ्रमाला धरूनच तो चालतो. पाण्यांत पाय टाकणें ही परीक्षा, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो. माझ्या मतें नियमाचा अर्थ असाच लावावा: ज्या कृतीचें फळ वस्तूच्या खरेपणावर अवलंबून आहे तीच कृति संधि देते. पुढें तोच दुर्योधन उघडें दार बंद आहे असें समजून मागें फिरतो. एकदां फसलेल्यानें सर्वांवरच अविश्वास धरला तर सत्यही त्याच्या हातून निसटतें. तेव्हां नियमकर्त्यांनीं सरसकट अविश्वासाला वाव दिला नाहीं हें योग्यच झालें.

याहून मला गहन वाटतो तो सोबत्याच्या शब्दाचा नियम. एकानें माया ओळखली आणि इतरांस सांगितलें, तर इतरांना ती आपोआप कळत नाहीं. त्यांना फक्त आणखी एक संधि मिळते, आणि फांशावर चारांची भर पडते. चार म्हणजे विसांत पांचवा हिस्सा. माझ्या भाच्यास हा मैत्रीचा अपमान वाटतो. दहाजण नदी उतरून गेले, मोजणारा स्वतःला सोडून नऊच मोजतो आणि रडूं लागतो. 'दहावा तूंच' असें कोणी सांगतांच त्यास साक्षात् ज्ञान होतें, ही कथा मीं त्यास सांगितली. विवरणकार या दृष्टान्ताच्या बाजूचे: शब्दापासूनच अपरोक्ष ज्ञान होतें. भामतीकार म्हणतात, शब्दानें परोक्षच कळतें. साक्षात्कार मननानें संस्कारिलेल्या मनाला होतो. खेळाचे नियमकर्ते नकळत भामतीच्या पक्षाचे झाले आहेत. मलाही तोच पक्ष पटतो. अंधारांत 'अरे, ती दोरी आहे' असें मित्रानें सांगितल्यावर आपण त्यास खोटा म्हणत नाहीं, तरीही पाऊल अडखळतेंच. मित्रावरील श्रद्धा आणि डोळ्यांना पटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी नाहीं म्हणून पहिलीही नाहीं, असें मानूं नये. घरांत कितीतरी भांडणें एवढ्याचसाठीं होतात.

माया ओळखल्यावरही ती नाहींशी होत नाहीं. तिची पारदर्शक आकृति तेवढी उरते. मृगजळ खोटें हें कळल्यानें तें दिसावयाचें थांबत नाहीं, पण घागर घेऊन तिकडे कोणी धांवत नाहीं. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यांत रस्त्यावर हें रोज दिसतें. उलट २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत एक मंत्र असा आहे कीं, त्यानें भारलेला मनुष्य मायिक पुलावर पाऊल टाकून दरींत कोसळला, तरी वांचल्यास म्हणतो, 'पूल होताच. मला कोणीतरी ढकललें, किंवा वारा आला.' मयसभेंतून परतल्यावर दुर्योधनाच्या मनांत पाण्याहून इतरांचें हंसणेंच अधिक राहिलें, तेंही याच जातीचें. बाधक ज्ञान पुढें येण्याआधीं फसणें हा दोष नव्हे. तें आल्यावर त्याला दुसरी कारणें शोधीत बसणें येथें मात्र नीतीचा प्रश्न सुरू होतो.

असाच प्रश्न मेजाभोंवतीं बसलेल्या खेळाडूपुढेंही असतो. सूत्रधारानें 'फांसा टाक' म्हणतांच कांहींतरी खोटें आहे हें त्यास कळलें. पात्रास तें कळलेलें नाहीं. न्यायाधीशानें स्वतः डोळ्यांनीं पाहिलेली गोष्टही पुराव्यांत आली नसेल तर निकालांत धरावयाची नसते. फांसा पडून आंकडा कमी आला असतां, जी भिंत खोटी आहे हें आपणांस पक्कें ठाऊक आहे तिला वळसा घालून जाण्यास सोळासतरा वर्षांचीं मुलें मुकाट्यानें तयार होतात. फांसा सूत्रधारानेंच पडद्याआड टाकावा, म्हणजे हा मोहच नको, अशी सोय कित्येकजण करतात. ती सोयीची आहे खरी. पण मुलांनीं फांसा आपल्याच हातानें टाकावा असें मला वाटतें.