दिंडीतील पाऊल कोणाचे?

जो गृहस्थ एरवी बाजारापर्यंत चालत जाण्यासही कां-कूं करतो, तोच आषाढी वारीत दिवे घाटाची चढण टाळमृदंगाच्या ठेक्यावर चढून जातो आणि माथ्यावर पोहोचल्यावरही त्याच्या मुखातील अभंग खंडित झालेला नसतो, तेव्हा हे सामर्थ्य त्याचे की समुदायाचे, असा प्रश्न पडतो. रिंगेलमान या फ्रेंच संशोधकाने १९१३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग तर उलट सांगतात: दोर ओढणारी माणसे वाढली की दरडोई जोर घटतो. मात्र दोरावर कोणाचा जोर किती, हे दिसत नाही. दिंडीत चुकलेला टाळ शेजाऱ्याच्या कानाला तत्काळ कळतो.

समूहात व्यक्ती विरघळते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतो आणि सर्व टाळ स्तब्ध होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीतच राहते, चोपदार तिच्याकडे जातो, तिची फिर्याद ऐकून घेतली जाते आणि मगच आरतीला प्रारंभ होतो. जेथे असा शिरस्ता नाही, तेथे भक्तीचा उन्माद व्हायला विलंब लागत नाही. दंगलीत दगड फेकणाराही आपला हात आपला नव्हताच, असेच सांगतो. गीता कर्तृत्वाचा अहंकार सोडावयास सांगते, कर्माची जबाबदारी नव्हे, हा भेद कित्येक प्रवचनकारही सोयीस्करपणे विसरतात. अर्जुनाला तर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे करून सर्व उपदेश झाल्यावरही निर्णय त्याच्यावरच सोपविला आहे.