जागल

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात शाळकरी पोरांची फुटबॉलची मॅच झाली. गावचा संघ एक-शून्यने जिंकला. गोल मारणाऱ्याला पोरांनी खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. बचावाला उभा असलेला नववीतला मुलगा मात्र चपला शोधून एकटाच घरी आला. त्याचे दोन्ही टोंगळे फुटले होते.

"आबाजी, मले मागं नाई खेळाचं," तो आजोबांना म्हणाला. "मागच्याले कोणी पुसत नाई."

आबाजींनी टोंगळ्यांना हळद लावली. "जेव अन् चाल माह्यासंग जागलीले."

हरभऱ्याला घाटे धरले होते आणि रानडुकरं रोज रात्री वावरात शिरत होती. वावर खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ओलीत नाही. पावसाने काळ्या मातीत ठेवलेल्या ओलीवर जे येईल तेच पीक. ते गेलं की वर्ष गेलं. आबाजी नाल्याकडच्या कोपऱ्यात टिनाचा डबा घेऊन बसले.

शेकोटीपाशी पोराने मोबाइल काढला. "हा पाहा, राहुल भेके. मुंबईचा. हाही मागंच खेळते. १७ मार्च २०१९, इंडियन सुपर लीगची फायनल, तीही मुंबईतच. बंगळूरू अन् गोवा. ११७ व्या मिनिटाले कॉर्नर आला अन् यानं डोक्यानं गोल मारला. कप बंगळूरूचा! गोल मारला म्हणून नाव झालं, आबाजी."

"तोवर गोव्याचे किती झाले होते?"

"एकही नाई. त्याईचा कोरो तं त्या साली सोळा गोल मारून सगळ्याईच्या पुढं होता."

"मंग एकशेसोळा मिनिटं त्याईले कोणं अडवून ठेवलं?"

पोरगा गप्प झाला.

"अन् हे बंगळूरूवाले त्याच्या आंधी कधी हरले होते का?"

"हो. बरोबर एक साल आंधी, १७ मार्च २०१८ ले. फायनलच होती, तेही घरच्या मैदानावर. चेन्नईच्या संघासंग. दोन गोल मारले होते, पण..." तो थांबला. "पण तीन खाल्ले."

आबाजींनी शेकोटीत पऱ्हाटी सारली.

रात्री तीनच्या सुमारास नाल्यात खसखस झाली. आबाजी पळाले नाहीत. डुकरं जिथून शिरतात, तिथेच ते संध्याकाळपासून बसून होते. डबा कडाडला, हाळी गेली, पोराने बॅटरीचा झोत टाकला. कळप धुऱ्यावरूनच वळला.

सकाळी पोराचा बाप चहा घेऊन आला. हरभऱ्यावर एक नजर टाकली, चहा ओतला आणि बाजारात आज काय भाव निघेल ते बोलू लागला. रात्रीचं कोणी काही विचारलं नाही.

परतताना वाटेतल्या एका वावरात माणसं जमली होती. तिथल्या राखणदाराचा पहाटे डोळा लागला होता. हरभऱ्याची झाडं मुळासकट उपटून पडली होती. जो तो हळहळत होता.

"पाह्य, इथं किती गर्दी हाय," आबाजी म्हणाले. "आपल्या वावरात कोणी आलं?"

"नाई."

"येत नसते लेका. राखलेल्या वावरात पाहाले असते काय? हरभराच."

पुढच्या मॅचला जागा वाटून देताना सरांनी पोराकडे पाहिलं. त्यांनी काही म्हणायच्या आधीच तो मागे जाऊन उभा राहिला होता. त्या दिवशीही गुलाल दुसऱ्यालाच लागला. हा मात्र घरी येऊन आधी गोलांचा आकडा सांगू लागला, "आबाजी, समोरच्यायचे शून्य!"

तात्पर्य : कमावलेलं सगळ्यांना दिसतं, राखलेलं कोणाला दिसत नाही. पण राखणारा जागा असेल, तरच कमावलेलं घरी येतं.