चित्र अंगठा मागत नाही

दोस्तांनो, एक प्रश्न घेऊन बसलोय. आपल्या पोरांना चित्र शिकवायचं तर पुढ्यात नावाजलेलं चित्र ठेवावं की नाही? आपल्यातले काही म्हणतात, नक्कल म्हणजे गुलामी. गिरवणाऱ्या हाताला बंड जमत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण मी गिरणी कामगार. तुटलेला धागा जोडायला मी दुसऱ्याच्या बोटांकडं बघूनच शिकलो. म्हणून माझी बोटं त्याची झाली नाहीत.

एकलव्याचा अंगठा आपल्या कवितांत शंभरदा येऊन गेला. त्याआधीची गोष्ट मात्र कुणी बघत नाही. तो मातीच्या पुतळ्यापुढं शिकला. पुतळ्यानं काही मागितलं नाही. मागितलं ते गुरू म्हणवणाऱ्या माणसानं. तेव्हा प्रश्न पुढ्यातल्या चित्राचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. तो पोराच्या हाताकडून काय मागतो?

अजिंठ्याचं बघा. १८७२ ते १८८५ च्या दरम्यान मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स या साहेबाच्या हाताखाली लेण्यांतली चित्रं उतरवत होते. साहेबाला हुबेहूब पाहिजे होतं. त्या नकला लंडनला गेल्या आणि बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. पुढं ग्रंथ निघाला, त्यावर नाव साहेबाचं. आणि पाचव्या शतकात ज्यानं पद्मपाणी रंगवला, त्याचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या विहारात दर रविवारी मी वस्तीतल्या पोरांना चित्र काढायला बसवतो. मला येतं तेवढं. भिंतीवर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी लावलाय, छापील. डोक्यावर मुकुट, हातात निळं कमळ, खाली झुकलेले डोळे. आठवीतली एक पोरगी तो गिरवत राहिली. भुवई जमेना, ओठ जमेनात. चार रविवार गेले. मग मी म्हटलं, आता नवा कागद घे. असले डोळे तू आणखी कुठं बघितलेस? तिनं आई काढली. उंबऱ्याला टेकलेली, तसेच झुकलेले डोळे, हात रिकामे.

त्या दिवशी एक कार्यकर्ता आलेला. म्हणाला, हातात झाडू दे की, चित्राला धार येईल. पोरगी म्हणाली, "दादा, झाडू खाली ठेवल्यावरच आई अशी बसती."

साहेबानं हुबेहूब भिंत मागितली. आपण हुबेहूब दुःख मागतो. तुटलेली बेडी, वळलेली मूठ, उगवता सूर्य. पोस्टरापोस्टरावर तेच. ही पण नक्कलच की! आपण चळवळीच्या नावानं मागतो, एवढाच फरक. म्हणून तर जास्त जपायला पाहिजे. साहेबाला पोरं मनातून तरी नाही म्हणत असतील. आपल्याला तेवढंही म्हणत नाहीत.

मग चळवळीनं चित्रकाराकडं काही मागूच नये? मागावं. मोर्चाला फलक लागतो, रंगव म्हणावं. पण त्याला फलक म्हणावं, शिकवण म्हणू नये. शिकवताना एकच मागावं : खरं बघ. जातीनं शतकानुशतकं माणूस आणि झाडू एक करून टाकला. ह्या पोरीनं ते दोन वेगळे करून दाखवले. बंड म्हणतात ते ह्याला.

आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. नाटकाचे पडदे रंगवत हात तयार केला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम शिकले आणि १९२९ साली वेगळे होऊन इथंच त्यांनी 'प्रभात' उभी केली. शिकवण्याची कसोटी हीच. शिकणारा आपले हात शाबूत घेऊन निघून जाऊ शकला पाहिजे.

तेव्हा पोरांपुढं चित्रं ठेवा. पद्मपाणी ठेवा, परक्याचं असलं तरी ठेवा. हात बसेपर्यंत गिरवू द्या. मग बाजूला व्हा. आणि पोरानं तुम्हाला न पटणारं काढलं, तर त्याच्या हातात आपला झाडू देऊ नका.