निखारे, जाळी आणि किंमत

नैतिक प्रश्न म्हटला की आपल्या मनासमोर जन्ममरणाचे, निष्ठेचे, सत्यासत्याचे मोठे प्रसंग उभे राहतात. पापस्वीकारापूर्वी आपण स्वतःच्या विवेकाची जी झाडाझडती घेतो, तीत बाजारात केलेल्या खरेदीला सहसा स्थान नसते. चोरी केली नाही, कोणाचे देणे बुडवले नाही, कामगाराची मजुरी अडवून ठेवली नाही. मग स्वकष्टाच्या पैशाने कोणती वस्तू घेतली, याचा जाब कोणी आणि का विचारावा? या युक्तिवादात तथ्य आहेच. परंतु मध्यमवर्गीय माणसाच्या हातून होणारे बहुतेक स्वतंत्र निर्णय आज खरेदीचे असतात, हेही तितकेच खरे. म्हणून मी येथे मुद्दामच एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेत आहे. घराच्या मागील अंगणात मांस-मासळी भाजण्यासाठी जी जाळीची शेगडी लागते, जिला आता सर्वत्र बार्बेक्यू म्हणतात, ती साधी घ्यावी की महाग?

मुंबईच्या उपनगरांत अंगण हीच मुळात चैन झाली आहे. बोरिवली किंवा मुलुंडच्या सदनिकेत राहणाऱ्याला हा प्रश्न पडायचे कारण नाही. त्याच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मावले तरी पुष्कळ. तरीही मरोळ, चकाला, आंबोली, गुंदवली अशा अंधेरीच्या गावठाणांत, आणि खाडीपलीकडे गोराई-मनोरीला, चार घरांमागे का होईना, परसदार शिल्लक आहे. तेथे उघड्यावरचा विस्तव परका नाही. परसातली चूल, करवंट्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेला बांगडा, पावसाळ्यात मासळी मिळेनाशी झाली की निखाऱ्यावर टाकलेले सुके बोंबील आणि सोबत कांदा, ही ईस्ट इंडियन घरांच्या जिभेवरची जुनीच चव आहे. त्या भाजण्याला उपकरण म्हणावे असे काही लागत नसे. तीन दगड, फार तर लोखंडी सळ्यांचा एक तुकडा. नवे आहे ते एवढेच की विस्तवाचे भांडे आता दुकानात मिळते, त्याला दर्जा असतो, आणि दर्जाला किंमत.

मरोळच्या गावठाणात राहणाऱ्या माझ्या भाच्याने व सुनबाईने हा प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारला, म्हणून मी त्याचा विचार करू लागलो. त्यांच्यासमोर दोन वस्तू होत्या. एक नऊ हजारांची, पत्र्याची. दुसरी पंचेचाळीस हजारांची, जाड पोलादी, घट्ट बसणाऱ्या झाकणाची. "मामा, छत्तीस हजारांचा फरक आहे. एवढा फरक खरोखरच असतो का?" असा त्याचा सवाल होता.

फरक असतो, आणि तो आधी प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. वस्तूची माहिती न घेता तिच्यावर नैतिक निवाडा देणे हाही एक आळसच. पातळ पत्र्याची शेगडी तापली की वाकडी होते, मग झाकण नीट बसत नाही, हवा आवरता येत नाही. निखाऱ्यांची धग ही शेवटी त्यांना मिळणाऱ्या हवेवर अवलंबून. खालची भोके आणि वरचे झाकण घट्ट असेल तरच ती हातात राहते. मुंबईची खारी, दमट हवा लोखंडाची शत्रू आहे आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस तर उघडा वैरी. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असते. स्वस्त प्रकारात निकेल जवळजवळ नसतेच, आणि ते लवकर डागाळते. लोहचुंबक लावून पाहावे. स्वस्त पोलादाला तो चटकन चिकटतो, चांगल्याला सहसा चिकटत नाही. उलट चवीच्या बाबतीत महाग शेगडीचा दावा अर्धाच खरा आहे. बांगडा किंवा कोंबडीचे तुकडे थोड्या मिनिटांत भाजून निघतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो त्याचीच ती चव, आणि निखाऱ्याला जाळीची किंमत ठाऊक नसते. जाड भिंती आणि घट्ट झाकण यांचा उपयोग होतो तो डुकराच्या मांडीसारखा मोठा तुकडा चार-पाच तास मंद आचेवर ठेवायचा असेल तेव्हा. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाच्या कारागिराने १९५२ मध्ये समुद्रावरच्या बोयासाठी केलेला लोखंडी गोल मधून कापून झाकणाची शेगडी तयार केली, ती वाऱ्याला आणि पावसाला कंटाळून. पुढे तिचाच जगभर व्यापार झाला.

आता हिशेब. पत्र्याची शेगडी या हवेत दोन वर्षे टिकेल असे धरू, आणि पोलादी बारा वर्षे. वर्षाला पहिलीचा खर्च साडेचार हजार, दुसरीचा पावणेचार. म्हणजे महाग तीच स्वस्त! दुकानदारही हेच सांगतो, आणि त्याचे गणित चुकीचे नसते. मात्र त्या गणितात एक गृहीतक निमूटपणे येऊन बसलेले असते, ते असे की बारा वर्षे आपण माणसे बोलावत राहू. दर महिन्याला एखादा रविवार मिस्सानंतर त्या अंगणात बसायला लोक येतील, कोळसा आणला जाईल, मसाला वाटला जाईल, खुर्च्या मांडल्या जातील. प्रत्यक्षात आधी गंजते ते काय, लोखंड की उत्साह? उपनगरातल्या कितीतरी माळ्यांवर व्यायामाच्या सायकली, केक भाजण्याच्या भट्ट्या, पियानोच्या पेट्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांतली एकही वस्तू झिजून निकामी झालेली नाही. उत्साह दोनच वर्षे टिकला तर पंचेचाळीस हजारांच्या शेगडीचा वार्षिक खर्च साडेबावीस हजार होतो. टिकाऊ वस्तू विकत घेणे म्हणजे आपल्या पुढील आयुष्याविषयी एक वचन देणे होय. पैसे मोजल्याने वचन पाळण्याचे बळ येत नाही, हे व्रते करून मोडलेल्या कोणालाही सांगायला नको.

येथे दुसरा आवाज उठतो, आणि तो आपल्या समाजात नेहमी उठतो. छत्तीस हजार रुपये! कितीतरी गरिबांच्या मुलांची फी भरली जाईल. हा आवाज प्रथम बेथानीच्या घरात उठला होता. मरियेने येशूच्या पायांना जटामांसीचे अत्यंत मोलाचे तेल लावले तेव्हा यहूदाने त्याची किंमत तीनशे दिनार ठरवली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे, हे ध्यानात घेतले तर ती रक्कम कष्टकऱ्याच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईएवढी होते. प्रश्न अगदी बिनतोड होता, विचारणारा मात्र थैलीतले पैसे उचलणारा होता, असे संत योहान स्पष्ट नोंदवतो. भाच्याने नऊ हजारांची शेगडी घेतली म्हणून उरलेले छत्तीस हजार आपोआप कोणा गरिबाकडे चालत जात नाहीत. ते बहुधा नव्या टेलिफोनकडे किंवा लोणावळ्याकडे जातात. देणाऱ्याच्या तोंडीच हा आक्षेप शोभतो. जो देत नाही, तो गरिबांच्या नावाने केवळ शेजाऱ्याची खरेदी मोजत असतो.

म्हणून मरियेचे तेल दाखवून महाग शेगडीचे समर्थन करावे काय? तेही जमत नाही. तिने ते तेल दुसऱ्यासाठी ओतले, आणि त्यातले आपल्याकडे काही ठेवले नाही. शेगडी आपल्या अंगणात, आपल्या मालकीची, आलेल्या-गेलेल्याच्या नजरेत भरत उभी राहते. खर्च किती झाला यापेक्षा तो कोणावर झाला हा भेद येथे महत्त्वाचा आहे.

मोठा खर्च करण्याला आपल्या परंपरेने सरसकट दोष दिलेला नाही. उलट संत थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलच्या मागोमाग त्यासाठी एक स्वतंत्र सद्गुण मानला आहे. मोठ्या कार्याला शोभेल असा खर्च हात न आखडता करणे, हा तो गुण. कार्याला जेवढे हवे त्याहून कमी करणारा कद्रू तेथे दोषीच ठरतो. अतिरेकाचे ॲरिस्टॉटलने दिलेले उदाहरण तर आजच्या उपनगरात लिहिल्यासारखे वाटते: चार मित्रांच्या साध्या जेवणावळीला लग्नाच्या मेजवानीचा थाट करणारा माणूस. त्याचा खर्च पाहुण्यांसाठी नसतो, आपल्याजवळ आहे हे दिसावे म्हणून असतो. मापदंड असा की खर्च कार्याला शोभावा. तेव्हा भाच्याला मी विचारले की कार्य कोणते? वर्षातून दोनदा, नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला, भावकीतली तीस माणसे जेवायला येत असतील आणि मांडी भाजायची असेल, तर जाड शेगडी त्या कार्याला शोभते. चौघांनी बांगडे खायचे असतील तर ती शोभेचीच वस्तू. शिवाय आपल्याकडे पूर्वी लग्नाची मोठी भांडी ज्याची त्याची नसत, ती गावकीची असत. कार्य आले की न्यायची, घासून परत द्यायची. तीस माणसांची शेगडी एकाच घराने का विकत घ्यावी, हा विचार आता कोणाला सुचतही नाही. मला तो अजून सर्वांत शहाणपणाचा वाटतो, जरी परत देताना ती कोण घासणार यावरून भांडणे होतील हे मला पुरते ठाऊक आहे.

विस्तवाभोवती माणसे जमली म्हणजे प्रेम वाढते, अशी एक गोड समजूत विक्रेत्यांच्या जाहिरातींनी पसरवली आहे. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी असलेला ग्रीक शब्द फक्त दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणे संत योहानाच्याच शुभवर्तमानात आहेत. पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणातला. थंडी होती, माणसे शेकत उभी होती, आणि त्या उबेत पेत्राने आपल्या गुरूला नाकारले. दुसरा सरोवराच्या काठावरचा. रात्रभर जाळे टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला लागतात तो निखाऱ्यांवर मासा भाजत ठेवलेला आणि भाकर तयार. ज्याने नाकारले त्यालाच न्याहारीला बोलावले आहे, आणि त्यांनी आणलेल्या माशांतलेही काही मागून घेतले आहेत. अंगण, विस्तव, जमलेली माणसे हे सगळे पहिल्या ठिकाणीही होते. संत लूक तर येशूच्या तोंडी यजमानाला उद्देशून अधिकच अवघड सूचना घालतो: जेवण करशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. या एका सूचनेपुढे आपल्या बहुतेक मेजवान्यांच्या याद्या कोलमडतात, माझी धरून.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात अधिक चांगले जगण्याची इच्छा दोषास्पद मानलेली नाही. असण्यापेक्षा जवळ बाळगण्याला श्रेष्ठ ठरवणारी जीवनशैली मात्र त्यांनी चुकीची ठरवली. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याहून जवळचे काहीतरी हवे असते. म्हणून मी भाच्याला एक साधा उपाय सांगितला. आधी स्वस्त घ्या आणि ती संपवून दाखवा. पत्र्याच्या शेगडीला मरण दोन प्रकारे येते. वापर झाला नाही तर पावसाने ती बाहेरून, कडांकडून आणि पायांकडून गंजते. वापर झाला तर निखाऱ्यांनी तिचा तळ जळून पातळ होतो आणि एके दिवशी राख खाली सांडते. दोन वर्षांनी तिला उलटी करून पाहा. तळ जळून गेलेला असेल तर निःशंकपणे पंचेचाळीस हजारांची घ्या. ते पैसे वाया जाणार नाहीत, कारण वचन आधी पाळले गेले आहे आणि किंमत नंतर मोजली जात आहे. पाय गंजले असतील आणि तळ कोराच असेल तर भंगारवाल्याला द्या, आणि माळ्यावरची जागा मोकळी ठेवा.

सुनबाईला हे पटले. भाच्याला तितकेसे नाही. मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांतून जाड पत्रा कापून अशी शेगडी निम्म्या पैशांत जोडून मिळेल, असे तो म्हणतो, आणि ते अशक्य नाही. पण त्याच्या विचारात अजून न आलेली एक बाजू आहे. गावठाणाला आता चारही बाजूंनी उंच इमारतींनी वेढले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला लावण्याचा आदेश दिला, तो या शहराच्या हवेकडे पाहूनच. घरातली महिन्यातून एकदा पेटणारी शेगडी म्हणजे पावाची भट्टी नव्हे, हे खरे. तरी तिच्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा धूर नेमका मागच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर जातो. तेथे राहणारी कुटुंबे भाच्याच्या ओळखीची नाहीत. त्यांच्यात कोणी मांसाहार वर्ज्य मानणारे असेल, कोणाला दमा असेल. नऊ हजारांचा धूर आणि पंचेचाळीस हजारांचा धूर त्यांना सारखाच. शेगडी कोणतीही आणली तरी पहिला कोळसा पेटवण्यापूर्वी तो जिना चढून त्या दोन दारांची घंटा वाजवावी लागेल, आणि त्या कामाला लागणारे धैर्य दुकानात मिळत नाही. सुनबाई म्हणाली, ती जाईल.