तळे सर्वांचे, वाहनतळ कोणाचा?

एखाद्या नगरात नवा सार्वजनिक जलतरण तलाव बांधावयाचा असे ठरले म्हणजे पाण्याच्या लांबी-रुंदीविषयी फारसा वाद होत नाही. सभा अडते ती निराळ्याच प्रश्नावर: गाड्या कोठे उभ्या करावयाच्या? हा प्रश्न अभियंत्यांचा आहे, त्यात धर्माधर्माचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. सर्वांच्या मालकीची भूमी कोणाच्या उपयोगासाठी, किती आणि कोणत्या मोबदल्यात द्यावी, हा न्यायाचा प्रश्न आहे. मोजपट्टी त्यास साहाय्य करील. निवाडा देणार नाही.

विहिरी, तळी, बागा यांच्या निर्मितीस आपल्या धर्मशास्त्राने ‘पूर्त’ म्हटले आणि यज्ञयागादी ‘इष्टा’च्या जोडीस तिला बसविले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद सांगितला आहे. दानात वस्तू एकाच्या स्वामित्वातून दुसऱ्याच्या स्वामित्वात जाते. उत्सर्गात ती सर्वांसाठी सोडलेली असते. तळे बांधणारा स्वतःही तेथे स्नान करू शकतो. परंतु मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. करदात्यांच्या पैशाने बांधलेला तलाव हा आजच्या काळातील उत्सर्गच होय. पणजीस मांडवीच्या काठी कांपाल येथे असा तलाव आहे, आणि इतर नगरांतही अशी मागणी होत असते.

आता मोजपट्टी हाती घेऊ. स्पर्धेच्या तलावाची लांबी ५० मीटर व रुंदी २५ मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग १,२५० चौरस मीटर. एक मोटार उभी राहण्यास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते; आत-बाहेर करण्याची वाट धरली तर सुमारे २५ चौरस मीटर. म्हणजे पन्नास मोटारींनी तलावाएवढी भूमी व्यापली. दहा पट्ट्यांच्या त्या तलावात प्रत्येक पट्टीत पाच जण पोहू लागले तर तेही पन्नासच. पण पाणी पन्नास जण एकाच वेळी भोगतात आणि तासाभराने दुसऱ्या पन्नासांस देतात. मोटारीखालची भूमी तेवढा वेळ एकाचीच असते. उत्सर्गाच्या भूमीवर हा एकट्याचा भोग कोणत्या न्यायाने?

मोटारीच्या मालकास आम्ही दोष देत नाही. म्हाताऱ्या आईस घेऊन येणारा मुलगा, दोन लहान मुलांची माता, शेवटची बस लवकर सुटते अशा गावचा रहिवासी, यांना गाडीवाचून तलाव गाठता येत नाही. शिवाय जागा ठेवलीच नाही तर गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या शेजारच्या गल्लीत शिरतात, कोणाचे फाटक अडवितात, रुग्णाची वाट रोखतात. म्हणून वाहनतळ नकोच म्हणणे हाही अन्यायच. प्रश्न आहे तो क्रमाचा.

सार्वजनिक पाण्याचा इतिहास या बाबतीत आपणांस काही शिकवितो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांसही खुले असावेत असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह तेथवर चालत जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. त्या घोर अन्यायाशी वाहनतळाची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एक गोष्ट त्यातून ध्यानी घ्यावी: पाणी खुले आहे असे लिहिल्याने ते खुले होत नाही, तेथवर पोहोचण्याची वाट खुली असावी लागते. नगराबाहेर, जेथे बस जात नाही, पदपथ नाही, केवळ विस्तीर्ण वाहनतळ आहे, तेथे बांधलेला तलाव नावापुरताच सर्वांचा.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा. प्रथम पायी येणाऱ्याची सावलीची वाट, बसचा थांबा आणि सायकली. मग अपंगांसाठी दाराजवळ रुंद जागा. आपल्या देशातील मानकांप्रमाणे ही जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावयास हवी. रुग्णवाहिकेची वाट सदैव मोकळी. मग स्कुटरी, कारण एका मोटारीच्या जागेत पाच-सहा सहज मावतात. उरलेल्या भूमीत मोटारी, आणि त्यांना वाजवी शुल्क. ते शुल्क पोहणे शिकू इच्छिणाऱ्या गरीब मुलांच्या वर्गास द्यावे. सर्वांच्या भूमीचा एकट्याने भोग घेणाऱ्याने सर्वांस काही परत करावे, एवढेच यात आहे.

जागा किती, हेही विवेकाने ठरवावे. तलावावर लोक तुकड्यांनी येतात. एक तुकडी निघण्याआधी दुसरी आली म्हणजे दोहोंच्या गाड्या एकत्र होतात आणि दुप्पट जागा हवीशी वाटते. दोन तुकड्यांत वीस मिनिटांचे अंतर ठेवले तर ही अडचण बरीचशी सुटते. त्यासाठी झाडे तोडण्याचे कारण नाही. वर्षातून चार दिवस होणाऱ्या स्पर्धांसाठी बारमाही फरसबंदी घालणेही असेच. त्या दिवसांपुरते शेजारच्या शाळेचे पटांगण मागून घ्यावे.

हा विचार आपल्या देवळांसही लागू आहे. जत्रेच्या दिवशी अग्रशाळेपुढे उभ्या राहणाऱ्या मोटारींची रांग पाहावी, आणि तिच्यामधून अंग चोरून वाट काढणारी, हाती फुलांची परडी घेतलेली म्हातारी पाहावी. महाजनांनी ते अंगण कोणासाठी राखले होते? तळ्याच्या पायऱ्या उतरताना पूर्वी मनुष्य पादत्राणे वर ठेवीत असे. आपले वाहन थोडे दूर ठेवून शेवटची शंभर पावले इतरांबरोबर चालणे, ही त्याच मर्यादेची आजची रीत होय. नगरपालिकेच्या नकाशात ती शंभर पावले आधी आखली जावीत. गाड्यांच्या रेघा मागाहून.