पडघ्याचा रस्ता आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

काम दुसऱ्यावर सोपवता येते. पण त्या कामाचे उत्तरदायित्वही त्याच्याबरोबर सोपवले जाते काय? नीतिविचारातला हा प्रश्न जुना आहे. राजाने अमात्यावर, मालकाने मुनिमावर, बापाने थोरल्या मुलावर काम टाकले आणि ते बिघडले, तर दोषाचा धनी कोण, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. एरवी हा वाद पुस्तकात राहतो. भिवंडी तालुक्यातील पडघ्यासारख्या गावी मात्र तो खडी-डांबरात उतरलेला दिसतो.

पडघा हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ वरचे गाव. ठाण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी प्रथम माजिवडा ते वडपे हा टप्पा ओलांडतो. हा राष्ट्रीय महामार्गच. पण त्याच्या रुंदीकरणाचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिलेले. वडपे सुटले की पुढे गोंद्यापर्यंतचे सुमारे साडेनव्व्याण्णव किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. तेथले चौपदरीकरण ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खाजगी सवलतधारकाकडून करून घेतलेले आहे. या टप्प्याचा एक टोलनाका पडघ्याजवळ अर्जुनली येथे व दुसरा घोटीला. शेजारीच आमणे येथे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येऊन थांबतो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण लांबीने खुला झाला आणि त्याची धनीण पुन्हा राज्याचीच यंत्रणा. गावातून फुटणारे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा जिल्हा परिषदेचे. म्हणजे घटकाभराच्या प्रवासात माणूस चार-पाच मालकांच्या हद्दीतून जातो आणि त्याला याची गंधवार्ताही नसते. त्याच्या लेखी रस्ता एकच. पाऊस एकच आणि पाण्याखाली दडलेला खड्डाही तसाच.

कायद्याची भाषा येथे विचारात घेण्यासारखी आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने हे रस्ते केंद्र सरकारच्या स्वाधीन केले आणि त्याच्या पाचव्या कलमाने ते विकसित करण्याची व सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही केंद्र सरकारवर टाकली. ही कामे राज्य सरकारमार्फत वा अन्य अधिकाऱ्यामार्फत करून घेण्याची मुभा तेथेच दिली आहे. पुढे १९८८ च्या कायद्याने प्राधिकरण आले. ते १९९५ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष कामाला लागले. त्याच वर्षी मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन खाजगी व्यक्तींशी करार करण्याची वाट मोकळी झाली. मंत्रालय, प्राधिकरण, त्याची प्रादेशिक व प्रकल्प कार्यालये, सवलतधारक, त्याचा कंत्राटदार, त्या कंत्राटदाराचा उपकंत्राटदार आणि या सर्वांवर नजर ठेवणारा स्वतंत्र अभियंता, अशी साखळी उभी राहिली. साखळी वाईट नव्हे. एवढे मोठे काम एका हाताने होणारही नाही. परंतु मूळ कलमातील ‘जबाबदारी’ हा शब्द कोणीही खोडलेला नाही. काम खाली उतरत गेले, जबाबदारी वरच राहिली, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

व्यवहारात घडते ते उलटे. अमेरिकन विचारवंत डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये या अवस्थेला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असे नाव दिले. एखाद्या अनिष्ट घटनेला पुष्कळ हात लागलेले असले, की प्रत्येकाचा वाटा इतका लहान दिसतो की अखेर कोणीच दोषी ठरत नाही. प्रकल्प कार्यालय सवलतधारकाकडे बोट दाखवते. सवलतधारक म्हणतो, पाऊस अवेळी झाला. कंत्राटदार म्हणतो, बिल थकले आहे. यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे असते आणि त्या खरेपणाच्या आड मेलेला माणूस दिसेनासा होतो.

आणि माणसे मरतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. सगळेच मृत्यू रस्त्याच्या दोषामुळे झालेले नाहीत, हे मान्य. वेग, मद्य, झोप, चुकीच्या बाजूने येणारी वाहने ही कारणे आहेतच. परंतु निव्वळ खड्ड्यांमुळे २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत १४,९२६ माणसे गेली, हा आकडा डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा खुद्द न्यायमूर्तींनी उद्वेग व्यक्त केला होता.

पडघ्यातच आणखी एक ‘महामार्ग’ येऊन पोहोचतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चंद्रपूरहून निघालेली, ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची एकदिश वीजवाहिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून येथील उपकेंद्रात १५०० मेगावॅटपर्यंत वीज आणू शकते. त्या वाहिनीत कोठे बिघाड झाला तर नियंत्रण कक्षात ते क्षणार्धात कळते. पाहणारा माणूस तेथे रात्रंदिवस बसलेला असतो, कारण वीज थांबली तर मुंबई थांबते. रस्त्यावर खड्डा पडला की तो कोणाला प्रथम कळतो? बहुधा रात्रीच्या दुचाकीस्वाराला, आणि तोही पडल्यावर. एकाच गावच्या शिवारात देखरेखीच्या या दोन रीती नांदत आहेत. तंत्रज्ञान नाही म्हणून रस्त्याकडे पाहिले जात नाही, असे त्यामुळे म्हणवत नाही. बिघाडाची किंमत कोणी मोजायची, यावर नजरेची तीक्ष्णता ठरते.

आता या नजरेबद्दल थोडे. खाजगीकरणातून झालेल्या रस्त्यांवर स्वतंत्र अभियंत्याची नेमणूक असते. काम ठरल्या प्रतीचे आहे काय, दुरुस्ती वेळेवर होते काय, हे त्याने पाहावयाचे. त्याला नेमते प्राधिकरण. मात्र नमुना करारात त्याच्या मानधनाचा अर्धा भार सवलतधारकावर ठेवलेला आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने यात काही गैर नसेल, दोन्ही पक्षांना तो सारखाच, असा त्यामागचा विचार असावा. तरीही ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच अर्धी भाकरी घ्यायची, ही स्थिती साध्या माणसाच्या सदसद्विवेकाला अवघड वाटावी अशीच आहे.

मराठीत ‘पाहणे’ आणि ‘पाहणी’ हे दोन शब्द सख्खे असूनही त्यांच्यात फार अंतर पडले आहे. पाहणी होते, तिचा अहवाल होतो, अहवालावर सही होते आणि पाहणे तेवढे राहून जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजांच्या काळचा दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या व त्यांतील माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे शासनाच्या वतीनेच त्या वेळी सांगण्यात आले. पाहणी करणारा अप्रामाणिक होता, असे कोणी म्हणू नये. पाण्याखालील पाया वरून दिसत नाही. तो पाहायचा तर साधने हवीत, वेळ हवा, आणि मुख्य म्हणजे ‘हा पूल बंद करावा’ असे लिहिण्याची मोकळीक हवी. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व त्याचे कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते, तरी मला ते वाचताना खिन्नता आली. बांधण्याची कुवत आपल्यात होतीच, हे इतक्या मृत्यूंनंतर सिद्ध झाले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. इटलीत जेनोवा येथील मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ माणसे मेली. त्या पुलाच्या एका मनोऱ्याचे ताण नव्वदच्या दशकात बळकट करण्यात आले होते. कोसळला तो दुसरा मनोरा, ज्याचे काम व्हायचे होते. तो महामार्गही सवलतधारक कंपनीच्याच ताब्यात होता आणि देखरेख सरकारची. श्रीमंती आणि विद्या असलेल्या देशातही ‘ठाऊक होते’ आणि ‘केले’ यांत एवढे अंतर पडू शकते.

परंतु सारा दोष सही करणाऱ्या अभियंत्यावर ढकलून आपण मोकळे होणे हेही अन्यायाचे होईल. भिवंडीचा परिसर आज गोदामांचा आहे. मुंबई-ठाण्याच्या घरांत आज मागवून उद्या येणारा माल याच रस्त्यांवरून धावतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या चाचणीतून एक गोष्ट पुढे आली, ती अभियंते तेव्हापासून जाणतात: आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला तर झीज दुपटीहून अधिक. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या आसांना अधिक भाराची परवानगी दिली. चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाहतूक स्वस्त व्हावी हा हेतू. पण वरच्या हिशेबाने एवढ्यानेच त्या आसाखालच्या रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते, आणि बेकायदा जादा भार तो निराळाच. अशा वेळी पडघ्याजवळच्या खड्ड्यात कोणाकोणाचा वाटा आहे? परवानगी देणाऱ्याचा, गाडी दाबून भरणाऱ्याचा, ते पाहूनही सोडून देणाऱ्याचा, आणि माल स्वस्त व सत्वर हवा असणाऱ्या आपलाही. अनेक हातांत आपला हात आहे, हे विसरून केलेला संताप फार काळ टिकत नाही.

मग सगळेच थोडे थोडे दोषी, म्हणून कोणीच नाही, असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. वाटा असणे वेगळे आणि पद स्वीकारणे वेगळे. ज्याने देखरेखीचे पद घेतले, त्याने अनोळखी माणसाला एक वचन दिलेले असते: तू डोळे मिटून या रस्त्यावर ये, तुझ्या वतीने मी डोळे उघडे ठेवीन. प्रवासी ते वचन तपासून पाहू शकत नाही. त्याला टोल भरावा लागतो आणि विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच या वचनाचा भंग साध्या चुकीहून गंभीर आहे.

आपला कायदा मात्र तसे मानताना दिसत नाही. निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाचा जीव घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ कलमाखाली प्राधिकारी, कंत्राटदार, सल्लागार किंवा सवलतधारकाला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड. तोही एखाद्या कंत्राटाच्या हिशेबात किरकोळ खर्चात बसावा असा. न्यायालयांनी ही तफावत काहीशी ओळखलेली दिसते. केरळातील पालियेक्करा येथे रस्त्याची दुर्दशा पाहून उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोलवसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. वसुली पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये. त्याच ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, व ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार यांच्याकडून वसूल करण्यास सांगितले. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. खिशाला झळ बसू लागली तर अभियंते सही करण्यासच कचरतील, कामे अडतील. असेलही. परंतु ज्याला सही करण्याची भीती वाटते त्याने निदान कागदावरून नजर उचलून रस्त्याकडे पाहिले, असे होईल. खरी अडचण निराळी आहे. पाहिले ते लिहिणाऱ्याचे पुढे काय होते? सत्येंद्र दुबे हा कानपूरच्या आय. आय. टी. चा अभियंता प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या झारखंडमधील कामावर होता. कामातील गैरव्यवहाराबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याची हत्या झाली. २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. तपास यंत्रणेच्या मते हेतू लुटीचा होता. हेतू कोणताही असो, नाव गुप्त ठेवण्याची विनंती पाळली गेली नाही, एवढे निर्विवाद आहे. माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये संमत झाला. तो अंमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने महामार्गांवर क्यूआर संकेताचे फलक लावण्याचे जाहीर केले. रस्त्याचा क्रमांक, बांधकामाचा व देखभालीचा काळ, प्रकल्प व्यवस्थापक, निवासी अभियंता आणि प्राधिकरणाचे कार्यालय यांचे संपर्क, तसेच १०३३ हा मदत क्रमांक त्यातून मिळावा अशी योजना आहे. अर्जुनलीच्या नाक्यावर असा फलक लागला तर त्यावर आणखी दोन ओळींची जागा ठेवावी, असे सुचवावेसे वाटते: या टप्प्याकडे शेवटचे कोणी आणि कोणत्या तारखेस पाहिले, आणि त्याला काय दिसले.