रेघ खरी पडू दे

पांडुरंगा, हात धर माझा. प्रोब छातीवर टेकवते आहे.

पडद्यावर हृदयाचा डावा खालचा कप्पा उघडतो, मिटतो. भरला तेव्हा रक्त किती होतं, आकसल्यावर किती उरलं, एवढंच मला मोजायचं आहे. त्यातून निघते ती टक्केवारी. नातेवाईक दाराशी विचारतात ना, ‘मॅडम, पंपिंग किती आहे?’ तीच.

तुझे उपकार आहेत, देवा. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्‌झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र माणसाच्या छातीला लावलं, आणि कानाला न कळणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीतून हृदयाची हालचाल टिपता आली. ही बुद्धी तूच दिलीस. म्हणून आज छाती न उघडता मला आत पाहता येतं.

पण पाहणारी मी केवढीशी! कप्प्याच्या आतल्या कडेने रेघ मी ओढते. यंत्र त्याच्या भाकरीच्या चवडीसारख्या २० चकत्या पाडतं आणि बेरीज करतं. प्रोब जरा तिरपा झाला, कप्प्याचं टोक निसटलं, की कप्पा आहे त्याहून लहान भरतो. तोच कप्पा दुसऱ्याने मोजला तर आकडा थोडा वेगळा येतो. तू घडवलंस ते माझ्या मापात पुरतं मावत नाही.

मला घाई देऊ नकोस. ठोके अनियमित असले तर पाच ठोके मोजण्याचा धीर दे, बाहेर बाकावर कितीही रांग असो.

आणि एक कबूल करते, विठ्ठला. कॅन्सरच्या औषधांवर असलेली बाई डाव्या कुशीवर वळते, श्वास सोडून धरते, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. भरलेल्या कप्प्याची रेघ केसभर बाहेर ओढली की आकडा वाढतो. ओढावी, तिला बरं वाटेल, असं मनात येतं. पण खोट्या आकड्यावर विसंबून हृदयाला न झेपणारं तेच औषध चालू राहिलं, तर सोसायचं तिच्या हृदयानेच. माझी दया तिच्या जिवावर उठेल. म्हणून दया माझ्या जिभेवर ठेव, देवा, रेघेवर नको.

आकडा कमी आला तर तो लिहिण्याचं बळ मला दे, ऐकण्याचं तिला दे, उपाय तिच्या डॉक्टरांना सुचू दे.

आणि ती पुन्हा तपासणीला येईल तेव्हा आकडा वर गेलेला असू दे, पांडुरंगा, खरोखरचा वर.